ऐनाच्या तुळया

आमच्या खिडकीतल्या टेबलावर सात निळे-काळे डाग आहेत. घरी पहिल्यांदा आलेलं माणूस कप ठेवता ठेवता त्यांच्यावरून बोट फिरवतं आणि विचारतं, "शाई सांडली होती काय?" मी "तसंच काहीसं" म्हणते, कारण ते अगदीच चुकीचं नाही. ऐनाच्या लाकडात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. त्यात लोखंडी खिळा वर्षानुवर्षं राहिला आणि दमट हवा लागत गेली, की खिळ्याभोवती हा रंग धरतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांची काळी शाई करत, तिच्यातही हेच घडायचं. हिरडा आणि ऐन तसे भाऊबंदच, दोन्ही टर्मिनॅलिया या एकाच प्रजातीतले.

हा डाग खोल उतरतो. रंध्याने चार सालपटं काढली तरी पाचव्यात दिसतोच. फळ्या मांडताना सुतार मिस्त्रींनी विचारलं होतं, डागाची बाजू खाली घालू का? आई म्हणाली, "नको, वरच असू दे." त्यातल्या चार खिळ्यांची तिला ओळख होती. एकाला कंदील असायचा, एकाला दुधाचं शिंकं, एकाला बियाण्यासाठी राखलेली मक्याची कणसं. चौथ्याला तिच्या वडिलांचा बाजाराला जायचा कोट. तो कोट खिळ्यावर नसला की माझे आजोबा घरात नाहीत, एवढं लहानपणी तिला कळायचं.

आईचं माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या रस्त्यावरून आत वळलं की लागणाऱ्या गावातलं. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, पुढे सोपा म्हणजे ओसरी, सोप्याला कट्टा. ते घर पाडायचं ठरलं तेव्हा मामांनी आईला फोन करून सांगितलं. जमिनीवरचा हक्क आईने फार पूर्वीच सोडून दिला होता. हक्कसोडपत्रावर सही करताना तिने काही मागितलं नव्हतं, आणि त्याबद्दल ती कधी बोललीही नाही. या वेळी मात्र ती फोनवर स्पष्ट म्हणाली, "सोप्यावरच्या तीन तुळया मला पाहिजेत. बाकी काही नको." मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "पाठवतो की."

६ बाय ५ इंच जाडीच्या, १० फूट लांबीच्या तीन तुळया. लाकूड घनफुटात मोजतात, त्या हिशेबाने सव्वासहा घनफूट. ऐन वजनदार, घनफुटाला साधारण २४ किलो भरतं. त्याच मापाचं सागवान १८-१९ किलोच्या आसपास. टेम्पोतून त्या उतरवायला चार माणसं लागली. पोर्चमध्ये विटांवर ठेवल्या तेव्हा आई बाहेर येऊन त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. आयुष्यभर तिने त्या मान वर करून पाहिलेल्या. आता त्या तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होत्या.

घर बांधलं आईच्या जन्माआधी, म्हणजे तुळयांचं वय ऐंशीच्या वर. आईचा जन्म मुंबई प्रांतातला. १९५६ साली भाषावार पुनर्रचना झाली आणि आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, म्हणून तिचं लग्न म्हैसूर राज्यातलं. १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि २०१४ मध्ये बेळगावचं कागदोपत्री बेळगावी. या सगळ्या काळात त्या तीन तुळया सोप्यावरून तसूभर हलल्या नव्हत्या. निदान मला तसं वाटत होतं, आणि पुढे मी जी चूक केली ती या वाटण्यातूनच केली.

आता खिडकीबद्दल.

आमचं घर बेळगावात, टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटपासून चालत पाच मिनिटांवर. वडिलांनी ते १९७४ साली बांधलं. ते रोज सायकलवरून कॅम्पातून, म्हणजे लष्करी छावणीतून जायचे, आणि तिथल्या इंग्रजी बंगल्यांच्या भिंतीबाहेर काढलेल्या तीन बाजूंच्या खिडक्या त्यांना फार आवडायच्या. बे विंडो. तशी एक आपल्या घराला असावी, हा त्यांचा एकच हट्ट. गवंड्याने असलं काम पूर्वी केलेलं नव्हतं. जांभा दगड काटकोनात तासायचा त्याला सराव, इथे कोन तिरका. वडिलांनी अंगणात काठ्या रोवून, दोरी बांधून त्याला आकार दाखवला. समोरची बाजू ५ फूट, दोन्ही अंगाच्या तिरक्या बाजू २-२ फूट. खिडकी पश्चिमेला, म्हणजे जूनमध्ये ढग येतात त्याच दिशेला.

त्या खिडकीत बसायला काहीतरी करायचं, हे वडील पंचेचाळीस वर्षं म्हणत राहिले. आधी घराचं कर्ज, मग आमची शिक्षणं, मग बहिणीचं लग्न. तिथे शिलाई मशीन राहिलं, त्यावर रद्दी, रद्दीवर पावसाळ्यातल्या छत्र्या. वडील गेले तरी ती जागा तशीच होती. आईची दोन्ही गुडघ्यांची दुखणी वाढली, खाली बसणं बंद झालं, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती अर्ध्या तासाच्या वर टिकेना. माहेरी ती कट्ट्यावर तासन्‌तास बसलेली. एका संध्याकाळी ती त्या खुर्चीतून खिडकीकडे बघत होती, तेव्हा माझ्या डोक्यात तुळया आणि खिडकी एकत्र आल्या: त्या लाकडाचा खिडकीत बाक, आणि पुढे टेबल.

मी शाळेत गणित शिकवते. हत्यार हातात धरायची मला सवय नव्हती, पण हे काम दुकानात ऑर्डर देऊन करायचं नव्हतं. प्लायवूडला सनमायका चिकटवलेलं कपाट आमच्याकडे एकदा आलेलं, चार पावसाळ्यांत त्याच्या कडा फुगून उकलल्या. खोलीतल्या दमट कोपऱ्यात हे व्हायचंच. म्हणून मी वडगावातल्या एका वयस्कर मिस्त्रींना गाठलं. त्यांच्या घरात कन्नड, आमच्याशी मराठी. मला ते अक्का म्हणतात, आईला आज्जी. मी अट घातली की शनिवार-रविवार मीही हाताखाली काम करणार. ते म्हणाले, "करा की. पण हत्यार माझं मी धार लावणार."

त्यांनी तुळईला नखाने खरवडलं, कडेला जीभ लावली, आणि म्हणाले, "मत्ती."

"ऐन," आई म्हणाली.

दोघंही बरोबर. आपल्याकडे ऐन, कन्नडमध्ये मत्ती. जंगलात हे झाड सालीवरून लांबूनच ओळखू येतं. साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोन चौकोन फुटलेली. काही झाडं उन्हाळ्यात खोडात पाणी साठवतात, आणि जंगलात फिरणारी माणसं सालीवरचा फुगवटा बघून तिथे टोचा मारून पाणी काढतात. टसर रेशमाचे किडे याच्या पानांवर वाढतात. त्या दिवशी पोर्चमध्ये चहा पिताना मिस्त्री आणि आई एकेका झाडाची दोन दोन नावं जुळवत बसले. आपला बिबळा तो त्यांचा होन्ने. आपला नाणा तो त्यांचा नंदी. शिसवीला ते बीटे म्हणतात. जांभ्यापाशी आई थांबली, कारण आमच्याकडे जांभा म्हणजे भिंतीचा दगड आणि जांभा म्हणजे लोखंडासारखं जड लाकूड, शब्द एकच. मिस्त्री म्हणाले, "दोन्ही टिकतंय, म्हणून असंल."

शिसवीचं टेबल करावं असं माझ्या मनात कधी तरी येऊन गेलं होतं. शिसवीच्या सगळ्या जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आहेत, आणि स्वतःच्या शेतातलं झाड तोडायलाही कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी काढावी लागते. ते असायलाच हवं. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला जे जंगल उरलंय ते बघितलं की नव्या झाडाला हात लावायची इच्छाच होत नाही. ऐंशी वर्षं वापरलेलं लाकूड पुन्हा वापरायचं, यात मला मोठं समाधान होतं.

पण जुनं लाकूड म्हणजे खिळे. पहिल्या सॉ मिलने तुळया बघूनच नाही म्हटलं, आणि त्यांचं खरं होतं. पट्ट्याच्या करवतीला एक खिळा लागला की दात जातात, पट्टा तुटला तर माणसाच्या अंगावर येतो. मग मी जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून दोरीला बांधलं आणि तुळयांवरून इंच इंच फिरवलं. चुंबक एका जागी ओढ घेई, तिथे खडूने फुली. आई शेजारी बसून सांगायची, हा कंदिलाचा, हा शिंक्याचा. काही खिळ्यांची डोकी गंजून गेलेली, नुसता दांडा आत. ते पटाशीने भोवती खणून जंबुऱ्याने ओढावे लागले. दोन रविवार गेले. एकतीस खिळे निघाले. आईने ते एका डब्यात ठेवलेत.

तुळया चिरल्यावर आत जो रंग निघाला तो मी विसरणार नाही. बाहेरून धुराने काळवंडलेलं, चुलीच्या आणि कंदिलाच्या ऐंशी वर्षांच्या काजळीने माखलेलं लाकूड. आत तपकिरी, त्यात गडद काळ्या रेघा, नदीच्या वाळूवर पाणी ओसरल्यावर उमटतात तशा. एका तुळईचं टोक भिंतीत होतं तिथे वाळवीने पोखरलं होतं, ते दीड फूट गेलं. सगळं मिळून कामाचं लाकूड साधारण चार घनफूट उरलं.

माप घ्यायची वेळ आली तेव्हा मी इंटरनेटवरून उंचीचे आकडे काढून ठेवले होते. बसायची जागा १८ इंच, टेबल ३० इंच, एका माणसाला रुंदी २४ इंच. मिस्त्रींनी माझा कागद बाजूला ठेवला आणि आईला खुर्चीवर बसवलं. पाय जमिनीला टेकलेले. त्यांनी गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत टेप लावला. "हदिनारु," ते म्हणाले. सोळा. वर वाकळ अंथरणार, ती बसली की इंचभर दबणार, म्हणून लाकडाची उंची १६. मग तिला उठून उभं राहायला सांगितलं. दोनदा, तीनदा. ती उठताना डावा हात कुठे टेकवते हे त्यांनी नीट बघितलं आणि त्या जागी बाकाच्या कडेला मुठीत मावेल असा गोल दांडा धरला. तो मी कुठल्याही चित्रात बघितलेला नव्हता. टेबलाची उंची मग २८ इंच ठरली, कारण बसायची जागा आणि टेबल यांत १२ इंचांचं अंतर असलं की हात सहज टेकतो.

टेबलाच्या पायांबद्दलही त्यांचं असंच. बाक खिडकीत पक्का, हलणार नाही. मग बसणाऱ्याने पाय आत घालायचे तर टेबलाचे पाय कोपऱ्यात नकोत. दोन्ही टोकांपासून १० इंच आत घेतले. आई आता कडेवर बसते आणि अंग वळवून दोन्ही पाय आत घेते, कशाला अडखळत नाही.

कोनांचं काम माझं. वडिलांनी दोरीने आखलेली खिडकी पुस्तकातल्यासारखी १३५ अंशांची असेल असं मी गृहीत धरलं नाही, आणि तेवढं माझं बरोबर ठरलं. पुठ्ठ्याचे तुकडे भिंतीला टेकवून, चिकटपट्टीने जोडून पूर्ण खिडकीचा साचा केला आणि जमिनीवर उलगडला. डावा कोन १३६, उजवा १३२. म्हणजे डावीकडे वळण ४४ अंशांचं, सांध्यावर दोन्ही पट्ट्या २२ अंशांत कापायच्या, उजवीकडे २४. भिंतीही सरळ नव्हत्या. एके ठिकाणी गिलावा पाऊण इंच आत गेलेला. गवंड्याचा हात थरथरला असेल किंवा दोरी सैल पडली असेल. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने त्या भिंतीची रेघ उमटवताना मला वडिलांची फार आठवण आली. ते अंगणात काठ्या रोवत असतानाचा एक फोटो आहे, त्यात मी काठी धरून उभी आहे, चार वर्षांची. उजव्या कोनाची काठी.

बाक मिस्त्रींनी सलग फळ्यांचा केला नाही. दीड दीड इंचाच्या पट्ट्या, मध्ये एक एक सूत फट. सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मला सलग, गुळगुळीत बाक हवा होता. ते म्हणाले, तिरक्या सांध्यात रुंद फळी घातली की पावसाळ्यात ती रुंदीला वाढते, लांबीला वाढत नाही, आणि सांध्याचा कोनच बदलतो. एका टोकाला फट पडते. अरुंद पट्टी वाढली तरी केवढी वाढणार? शिवाय जांभ्याची भिंत पाणी धरते. म्हणून बाकाची पाठ भिंतीपासून इंचभर पुढे, खालून हवा खेळती. आत सामान ठेवायला पेटी करा, असा माझा आग्रह होता. त्यांनी नकार दिला. ऑगस्टमध्ये बुरशीचा वास येईल म्हणाले. मी ऐकलं.

सांधे सगळे कुसवाचे. कुसू आणि खोबण, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, आणि त्यातून आरपार बांबूची खुंटी. बाकात एकही खिळा नाही. खोबण पाडताना मिस्त्री कन्नडमध्ये आकडे पुटपुटायचे, "एरडूवरे, एरडूवरे," अडीच, अडीच, आणि लाकडावर खुणा कन्नड अक्षरांत करायचे: एड म्हणजे डावं, बल म्हणजे उजवं. मी माझ्या फळ्यांवर डा, उ लिहायचे. त्या खुणा आम्ही पुसल्या नाहीत. टेबलाखाली डोकं घातलं तर अजून दिसतात.

रंधा मारायला मी शिकले. सुरुवातीला दर दोन हातांवर रंधा अडकायचा. ऐनाचे तंतू एकमेकांत उलटसुलट गुंतलेले असतात, एका दिशेने मऊ जातं, तीन इंच पुढे तेच उलटं उभं राहतं. आई बाकावर बसून बघायची. "अजून घासूलालीस काय? जेवून घे की." शेवटी खरखरीत पॉलिश पेपर, मग मध्यम, मग बारीक. संध्याकाळी केस, भुवया, पापण्या सगळं तपकिरी व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिताना खांदा दुखायचा. ते दुखणं मला आवडत होतं.

आणि मग मी ती चूक केली.

माघी पौर्णिमेला मिस्त्री सौंदत्तीला गेले. यल्लम्माच्या डोंगरावर त्यांचं घर दरवर्षी जातं. टेबलाचा वरचा भाग, सहा फळ्या सरसाने जोडून केलेला, ४ फूट बाय ३० इंच, तयार होऊन भिंतीला टेकला होता. खालची चौकटही उभी होती. फक्त वरचा भाग चौकटीवर बसवायचा राहिला होता. पुढच्या आठवड्यात आईचा वाढदिवस. मी ड्रिल आणलं, चौकटीच्या चारही बाजूंनी खालून भोकं पाडली आणि चौदा स्क्रू घट्ट आवळले. मिस्त्री परत आले, टेबल बघितलं, खाली वाकले, आणि काहीच बोलले नाहीत. फक्त विचारलं, "सगळे घट्ट?" मी अभिमानाने हो म्हटलं. पुढे मी त्यांना विचारलं की तेव्हाच का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "आज्जी जेवत होत्या की टेबलावर. तवा कसं सांगू?"

माझा विचार असा होता: लाकूड ओलं असताना हलतं. हे ऐंशी वर्षं सुकलेलं, चुलीच्या धुरात भाजून निघालेलं. हे आता कुठे हलणार?

जूनचा पहिला पंधरवडा कोरडा गेला. मग पाऊस बसला तो आमच्याकडे बसतो तसा. रात्रंदिवस, भिंतीला हात लावला तर ओल लागावी, कपडे चार चार दिवस वाळू नयेत. जुलैच्या मध्यावर आईची आमटीची वाटी टेबलावर डुगडुगायला लागली. मी पट्टी लावून बघितली तर टेबल मधोमध वर आलं होतं. दिवाळीनंतर ते खाली बसलं, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. ते बरं झालंय असं मला वाटलं.

फेब्रुवारीत एका पहाटे खोलीत ताड्‌कन आवाज झाला. आई उठून बसली. टेबलाच्या उजव्या बाजूला एक चीर पडली होती, १५ इंच लांब, कंदिलाच्या डागातून आरपार गेलेली.

मी त्या चिरेत बोटाचं नख घालून बसून राहिले. आईने काही विचारलं नाही. तिने फक्त चहा केला आणि कप चिरेच्या या बाजूला ठेवला.

मिस्त्रींनी जे समजावलं ते मी नंतर वाचूनही काढलं. लाकूड म्हणजे गवताची पेंढी धरा. पेंढी भिजली की जाड होते, लांब होत नाही. लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतलं पाणी घेतात आणि सोडतात, आणि ते घेणं-सोडणं लाकूड जुनं झाल्याने थांबत नाही. शंभर वर्षांचं लाकूडही घेतं. लांबीला फरक नगण्य. रुंदीला मात्र दिशेवर अवलंबून: सागवानासारखं शांत लाकूडसुद्धा ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतं. ऐन त्याहून अस्वस्थ. सोप्यावरच्या तुळयाही दर पावसाळ्यात फुगत होत्या आणि दर उन्हाळ्यात आकसत होत्या. त्यांना कुणी आवळलं नव्हतं, भिंतीतल्या खोबणीत त्या नुसत्या टेकलेल्या होत्या, म्हणून खाली उभं राहून कुणाला कळलं नाही.

माझ्या चौदा स्क्रूंनी काय केलं, तर जुलैत टेबलाला रुंद व्हायचं होतं, त्याला जागा मिळाली नाही. ते वर उचललं गेलं, आणि तंतू एकमेकांवर दाबून चेपले गेले. चेपलेला तंतू पुन्हा पूर्ण फुगत नाही. हिवाळा संपता संपता लाकूड सुकलं आणि आकसायला लागलं, आता चेपल्यामुळे आधीपेक्षाही लहान व्हायला निघालं, आणि दोन्ही कडांना स्क्रूंनी धरून ठेवलेलं. मग ते मध्येच फाटलं. इजा पावसाळ्यातली होती, दिसली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. हे कळल्यावर मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते दिवाळीनंतरच्या माझ्या सुटकेचं. टेबल सपाट दिसत होतं, आणि आत इजा होऊन गेली होती.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, अक्का. कापायचं आणि परत जोडायचं. त्याला हलू द्यायचं."

चिरेवरूनच करवत चालवून त्यांनी टेबल दोन भागांत उभं कापलं, कडा रंध्याने साफ केल्या, पुन्हा सरस लावून शिकंज्यात आवळलं. कंदिलाच्या डागाचा मधला भाग त्यात गेला. आता तो डाग दोन चंद्रकोरी एकमेकींना टेकवल्यासारखा दिसतो. मग स्क्रूंऐवजी खिट्या. अंगठ्याएवढे लाकडाचे ठोकळे, त्यांना पुढे एक ओठ. चौकटीच्या आतल्या बाजूने लांब खाच पाडायची, ठोकळ्याचा ओठ त्या खाचेत सरकवायचा, आणि ठोकळा वरच्या फळीला स्क्रूने लावायचा. टेबल चौकटीवरून सुटत नाही, पण आडवं वाढलं तर ओठ खाचेत सरकतो. दहा खिट्या मी स्वतः कापल्या. पहिल्या चार मिस्त्रींनी परत करायला लावल्या, कारण ओठ जाड होता, खाचेत अडकत होता. जागा सोडली आहे असं वाटून अडकलेली खिटी स्क्रूपेक्षा वाईट, असं त्यांचं म्हणणं.

वरून जवसाचं तेल. लॅकर चकाकतं, पण गरम भांड्याने पांढरं पडतं आणि एकदा उखडलं की सगळं खरवडावं लागतं. तेल पातळ हाताने लावायचं, अर्ध्या तासाने पुसून घ्यायचं, चार दिवस थांबायचं, पुन्हा लावायचं. पाच हात दिले. आई म्हणाली घराला अगशीच्या, म्हणजे जवसाच्या, चटणीचा वास येतोय. एक गोष्ट मात्र हे काम करणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते: तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, आणि बोळ्याच्या आत ती उष्णता कोंडून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. आम्ही चिंध्या तारेवर एकेक सुट्या वाळत घालायचो, नाही तर पाण्याच्या बादलीत टाकायचो. लाकडाचा भुसा पसरलेल्या खोलीत हे विसरून चालत नाही.

टेबलाखाली मी आता पेन्सिलीने रुंदी लिहून ठेवते, मिस्त्रींच्या एड-बलच्या शेजारी. मोजायची जागा ठरलेली, टेपही तोच. मार्चमध्ये ७६० मिलिमीटर. गेल्या ऑगस्टच्या शेवटी ७६८. आठ मिलिमीटर म्हणजे अडीच सूत. ओलावा मोजायचं छोटं यंत्र घेतलं, ते मार्चमध्ये १० टक्के दाखवतं, ऑगस्टमध्ये १६. खिट्यांचे ओठ किती सरकले हे खाचेतल्या चकाकत्या रेघेवरून कळतं.

आई दुपारी तीनला खिडकीत येऊन बसते. वाकळ तिची तिनेच शिवलेली, माहेरच्या आणि सासरच्या लुगड्यांची. डावा हात दांड्यावर टेकवते, बसते, वळते, पाय आत घेते. मग गेटवरून मिरजेकडची गाडी गेली की कपात तरंग उठतात, ते थांबेपर्यंत ती कप उचलत नाही. कधी चष्मा कपाळावर ढकलून बोटाने डाग चाचपत बसते. कंदील, शिंकं, कणसं, कोट. मिस्त्री येतात तेव्हा तिच्या समोर बसतात, कधी तिरक्या बाजूवर. खिट्या बघायला आलो म्हणतात, आणि तासभर दोघं गावाकडचं बोलतात, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये.

परवा शनिवारी मी टेप घेऊन टेबलाखाली आडवी झाले होते. बाहेर दोन दिवसांची झड लागलेली, काचेवरून पाणी सलग वाहत होतं. वरून आईचा आवाज आला.

"किती आलं गं?"

"सातशे सदुसष्ट."

"अजून एक वाढंल. श्रावण सरायचाय." ती थोडा वेळ थांबली. "ये बाहेर आता. चहा निवालाय."